चार नंबरच्या प्रेसची बदली

बस गणराज. पंखा बंद पडलाय माझ्या वॉचमनच्या केबिनचा, असाच बस. उद्यापासून तुला पत्रा कापायच्या चार नंबरच्या प्रेसवर टाकलंय असं कळलं, तेवढ्यासाठी हाक मारली. नाहीतर मला माणसांशी बोलायची हौस नाही.

आपली कंपनी गुरुवारी बंद असते, लाइटही नसते. पत्र्यावर कबुतरं चालतात तीसुद्धा ऐकू येतात. मागच्या महिन्यात अशाच एका गुरुवारी मला सकाळी बोलावलं, ऑफिस उघडून द्यायला. हजेरीचा नवा प्रोग्राम बसवायचा होता. शुक्रवारची पहिली पाळी त्याच्यावरच लागली पाहिजे, असा साहेबांचा हुकूम.

आली ती एक पोरगी. हर्षाली. हिंजवडीहून, तिच्या कंपनीच्या गाडीनं. मी म्हटलं, "ही काय यायची येळ झाली?"

"आजोबा, तळेगाव चौकात एकदा उभे राहून बघा, मग बोला."

तोंडाळ होती. बरी वाटली.

ऑफिसचा मोठा कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होता. तिनं आपला छोटा त्याला जोडला आणि बसली. मी दारात. थोड्या वेळानं विचारलं, "ह्यात करतीस काय?"

"जुना डेटाबेस आहे ना, ज्यात सगळ्यांचे अंगठे साठलेत, त्याची बोली वेगळी. नव्या प्रोग्रामची वेगळी. मधे एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, घालायची. ॲडॅप्टर म्हणतात. याचं ऐकायचं, त्याला त्याच्या बोलीत विचारायचं, उत्तर आणून द्यायचं."

"म्हंजी आमच्या गावचा भैरू भगत. मेलेल्याला सरळ इचारता येत न्हाई. भैरूला सांगायचं, मग त्यो इचारणार."

ती हसली. "तसंच समजा. फक्त काम झालं की जोडणी बंद करायची. उघडी राहिली तर लटकून बसते. पुढच्याला आत शिरू देत नाही."

"भैरूबी त्येच म्हणायचा. बोलावलं त्याला परत धाडा."

"बघा. म्हणजे मी भगतच."

मग बराच वेळ बोटांचा आवाज. मी बाहेर जाऊन तंबाखू मळून आलो. आलो तर पोरगी पडद्याजवळ वाकलेली.

"आजोबा, आज आत कोणी कामाला आहे?"

"गुरवारी? भूत बी नसतंय."

"सगळ्यांच्या नोंदी नव्या प्रोग्रामकडे गेल्या. एकच जात नाही. हा माणूस आत आलाय, पण बाहेर गेल्याचा अंगठाच नाही. प्रोग्राम म्हणतो, हा अजून आत आहे." तिनं वाचलं, "गोरक्ष साहेबराव. प्रेस शॉप. ओळखता?"

मी म्हटलं, "साहेबराव म्हंजी मी."

ती माझ्याकडे वळली नाही. तिची मान मात्र ताठ झाली.

तुला बाकीच्यांनी सांगितलंच असेल. गोरक्ष माझा पोरगा. चार नंबरवर होता. गेल्या वर्षी पाळी संपली, बदलीचा माणूस आला नाही. प्रेस शॉपची रीत तुला माहीत आहे. बदलीचा माणूस शेजारी येऊन उभा राहतो, "जा, मी आलोय" म्हणतो, तेव्हाच मशीन सोडायचं. त्याशिवाय नाही. तो थांबला. थांबला त्या पाळीतच प्रेसनं ओढला. ॲम्ब्युलन्स ह्याच गेटातून गेली. दांडी मीच वर केली. आता ॲम्ब्युलन्समधल्या माणसाचा अंगठा कोण घेतो?

दहाव्याला इंद्रायणीवर कावळा शिवला नाही. दुपार कलली. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हापासून त्याची आई, सारजाबाई, रोज पत्र्यावर भात टाकते. कावळे येतात, बसतात, भाताकडे बघतात आणि उडून जातात. ती मला रोज एकच विचारते, "पोरगं कुठं अडकलंय वो?" मी काय सांगणार? मला रडूही आलं नाही कधी. आत नुसतं लोखंड आहे.

हर्षालीला म्हटलं, "त्याला बाहेर काढ."

"काढते, आजोबा." तिनं काहीतरी लिहिलं, बटण दाबलं. थांबली. परत दाबलं.

"होत नाहीये... त्याची ओळ कोणीतरी धरून ठेवलीय. दुसरीकडून एक जोडणी उघडी आहे. ती सुटल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"कुठनं?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "प्रेस चार. तिथं कॉम्प्युटर आहे?"

"व्हता. अपघातानंतर उचलून नेला. आता भिंतीला नुसती वायर लोंबतीय."

तिनं ती जोडणी तोडली. क्षणात परत आली. पुन्हा तोडली. पुन्हा आली. चौथ्यांदा तिनं हात मागे घेतला आणि ओढणीला पुसला.

"आजोबा... मी साहेबांना फोन करते. आपण जाऊ या."

मी किल्ल्या घेतल्या आणि प्रेस शॉपकडे गेलो.

बाहेर भर ऊन. आत मात्र डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बॅटरी नेली होती, ती मुद्दाम लावली नाही. ऑइलचा वास. बंद शॉपचा वास थंड असतो. हा गरम होता, चालू पाळीचा. हातानं मशीनं मोजत गेलो. पहिलं गार. दुसरं गार. तिसरं गार.

चौथ्याला हात लावला. ऊबदार होतं. नुकतंच कोणी अंथरुणातून उठून गेल्यावर गोधडी असते, तसं.

पायानं चाचपलं. खालचं पेडल दाबलेलं होतं. कोणाचा पाय वर असावा तसं, पार खाली. मी बुटानं उचलून बघितलं. हललं नाही.

भीती वाटली का म्हणशील, तर नाही. काहीच वाटलं नाही. हे पोरगं कसं उभं राहायचं ते मला ठाऊक होतं, डावा पाय जरा पुढं. मी त्याच्या उजव्या बाजूला, बदलीचा माणूस उभा राहतो तिथं उभा राहिलो. आणि जे म्हणायचं असतं तेच म्हणालो.

"जा गोरक्षा. आई वाट बघतीय... मी आलोय."

बराच वेळ काही नाही. मग माझ्या गालावर ऊन श्वास आला, बिडीचा न् पुदिन्याच्या गोळीचा. घरी वास येऊ नये म्हणून तो बिडीवर गोळी चघळायचा.

टक्.

पेडल वर आलं.

ऑफिसात आलो तर हर्षाली उभी होती. "सुटली," म्हणाली. "आपोआप सुटली, आजोबा. गोरक्ष बाहेर." मग ती खाली बसून रडली. मी तिला पाणी दिलं. सगळ्या जोडण्या तिनं माझ्यासमोर बंद केल्या, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाईनं भात टाकला. हात मागे घ्यायच्या आत कावळ्यानं उचलला. बाई मटकन खाली बसली, हसली न् रडली. वर्षानं त्या दिवशी ती माझ्या ताटासमोर बसून जेवली.

इथं संपलं असतं तर तुला बोलावलं नसतं.

शुक्रवारी ड्युटी संपल्यावर मी गेटच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल. शनिवारी तेच. हर्षालीला फोन लावला. तिनं तिकडूनच बघितलं.

"आजोबा, तुम्ही आत आहात असं दाखवतंय. बाहेरची नोंद होत नाही... तुमची ओळ कोणीतरी धरलीय."

"कुठनं?"

"प्रेस..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. मीच म्हटलं, "ऱ्हाऊ दे."

मी रोज घरी जातो. जेवतो, झोपतो. पण सारजाबाई म्हणते, पहाटे तुमच्या अंगाला ऑइलचा वास येतो. माझी ड्युटी गेटवर. हे तळवे बघ. पत्र्याचे बारीक काप आहेत, रोज नवे. त्या गुरुवारनंतर शॉपमध्ये मी पाऊल टाकलेलं नाही.

मला त्याचं काही नाही. पोरगं सुटलं. कोणीतरी उभं राहायला पाहिजेच, तर मी बरा. म्हातारा माणूस.

तुला सांगायचं ते एवढंच. उद्या चार नंबरवर गेलास की कामाला लाग. पाळीच्या सुरुवातीला मशीनसमोरची जागा रिकामी दिसली, तरी सवयीनं तोंडातून "जा, मी आलोय" काढू नकोस. मशीन ऊबदार लागलं तरी नको. आणि आतून मी हाक मारली, माझ्याच आवाजात, "आला का रं गणराज?" म्हणून...

तर ओ देऊ नकोस. मी इथं गेटवर बसलेला दिसलो तरी.