उजव्या मनगटाचं माप

त्या शनिवारी आमचे काउंटरवरचे काका पाय मुरगळून घरी बसले नसते, तर मी जन्मभर दुकानाच्या मागच्या खोलीतच राहिले असते आणि आज हे सांगायला माझ्याकडे काही नसतं.

दुकान मामाचं. घड्याळांचं. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात, मी त्या रस्त्यानं जायचंच टाळते. तेव्हा पुढे काचेची कपाटं होती, निळी मखमल, पिवळे दिवे. आणि मागे एवढीशी खोली. तिथे मी, माझा पांढरा कोट, डोळ्याला लावायचं भिंग आणि पोट उघडून पडलेली घड्याळं. मी चोवीस वर्षांची होते आणि बोलायला फटकळ, म्हणून मामा मला गिऱ्हाइकांपासून चार हात लांब ठेवायचा. पण त्या दिवशी त्याचा नाइलाज झाला.

दार ढकलून एक उंच माणूस आत आला. केसांत लाकडाचा भुसा, कानावर पेन्सिल. तो थेट मधल्या कपाटाशी गेला आणि आमच्या दुकानातल्या सगळ्यात महागड्या घड्याळाकडे वाकून बघत राहिला.

"हात लावू का?" त्यानं विचारलं.

"काचेला नको, आत्ताच पुसलीये. घड्याळाला लावा."

तो हसला. काय सांगू — मी आयुष्यात पहिल्यांदाच काउंटरवर उभी होते, आणि कपाटाची किल्ली कुठल्या खिशात ठेवलीय तेच विसरले.

घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं. साधी पांढरी तबकडी, स्टीलचा पट्टा, रोज किल्ली द्यावी लागणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. तो कानाशी नेऊन ऐकत बसला.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं. खरं तर मला काय करायचं होतं!

"सुतार. लोकांची कपाटं, पलंग, टेबलं... बारा वर्षं झाली. स्वतःसाठी अजून एक स्टूलसुद्धा केलं नाही." मग म्हणाला, "म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी जीव ओतून केलेली एक वस्तू आपल्याकडे असावी. आज नाही घेणार हं. पैसे जमायला वेळ लागेल. तोवर बघायला आलो तर चालेल?"

"बघायला कोण नको म्हणतंय?"

तो दर शनिवारी यायला लागला. काम आटोपून, पाचच्या सुमाराला. काकांचा पाय तीन आठवड्यांत बरा झाला, पण शनिवारी पाच वाजले की मला काउंटरवर काहीतरी काम निघायचंच. मामा म्हणायचा, "शनिवारी तुझ्या पेशंटांना सुट्टी असते वाटतं?"

"काय म्हणतंय आमचं घड्याळ, डॉक्टरीणबाई?" तो विचारायचा.

"तुमचं? अजून आमचंच आहे ते."

"दुसऱ्या कुणी उचललं तर?"

"परवा एकजण आला होता. मी सांगितलं, आवाज बरोबर नाही याचा."

"खोटं बोललात?"

"धंद्यात बोलावं लागतं."

मग तो घड्याळ घालून बसायचा आणि आम्ही बोलत राहायचो. फळीला गाठ कुठे असते, स्प्रिंग तुटते कशी, असलंच काहीतरी. लोकांना वाटेल, यात काय प्रेम! पण मी रविवारपासून शनिवारची वाट बघायची, याला दुसरं काय म्हणतात?

आणि एक दिवस ते पत्र आलं. घड्याळाच्या कंपनीच्या मोठ्या कारखान्यात दोन वर्षांचं प्रशिक्षण, दुसऱ्या शहरात. अर्ज मीच केला होता, त्याला भेटायच्या कितीतरी आधी. माझं स्वप्नच होतं ते. एका सोमवारी निघायचं ठरलं. दर शनिवारी मी ठरवायची, आज सांगते... आणि तो दारातून आत आला की फळ्या-स्प्रिंगांवरच बोलत बसायची.

शेवटचा शनिवार उजाडला. तो आला तोच इस्त्रीचा शर्ट घालून, केसांत भुशाचा कण नाही.

"आज घेऊन जातो," तो म्हणाला.

घड्याळ मिळालं की हा कशाला येईल? आणि आला तरी मी कुठे असणार? त्यानं हात पुढे केला, मी माप घेतलं, पट्ट्याच्या तीन कड्या काढल्या. गॅरंटीच्या कार्डावर त्यानं नाव-पत्ता लिहिला, सही केली.

"येतो मग," तो म्हणाला.

"या," मी म्हणाले. एवढंच. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो माझा!

तो गेल्यावर मी टेबल आवरायला बसले तर काढलेल्या तीन कड्या तिथेच. त्या गिऱ्हाइकाला पुडीत बांधून द्यायच्या असतात. पत्त्यासाठी कार्ड हातात घेतलं आणि बघतच राहिले. सगळी शाई उजवीकडे फासटली होती. डावखुऱ्या माणसाची लिहिताना फासटते तशी. अगं बाई! हा डावखुरा! म्हणून तर सहा महिने घड्याळ उजव्या मनगटावर चढवायचा. आणि आज त्यानं पुढे केला होता डावा हात, आणि मी बावळट, निरोपाच्या नादात डाव्याचंच माप घेऊन बसले.

रविवारी सकाळी पुडी आणि बारका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात गेले. तो रंधा मारत होता. मला बघून रंधा तसाच थांबला.

"घड्याळ कुठे आहे?" मी विचारलं.

"डब्यात. नीट बसत नाही, सैल होतंय."

"बारा वर्षांचा सुतार, आणि माप चुकलं?"

त्याचे कान लाल झाले. "चुकलं नाही. चुकवलं. पुढच्या शनिवारी यायला काहीतरी कारण नको का?"

"पुढच्या शनिवारी मी नसेन." आणि मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पत्र, कारखाना, दोन वर्षं, उद्याची सकाळची गाडी. "आणि मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. "हे न सांगता गेले असते तर तिकडे एक स्क्रू धड बसला नसता माझ्या हातून."

त्यानं रंधा बाजूला ठेवला. म्हणाला, "जा. जायलाच हवं. नाही गेलात तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." आणि हळूच, "मी आहे इथे."

मी आणखी एक कडी काढून पुडीत टाकली, पट्टा त्याच्या उजव्या मनगटावर लावून बघितला, काटे बरोबर वेळेवर लावले, किल्ली दिली. "रोज सकाळी द्यायची," मी सांगितलं. तो मान हलवत होता आणि आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

त्याची पत्रं यायची. प्रेमाचं एक अक्षर शोधून सापडायचं नाही. सागाच्या फळ्या आल्या, आईचा गुडघा धरलाय, ती तुमच्याबद्दल विचारते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य — घड्याळ दिवसाला चार सेकंद पुढे जातंय. मी दर वेळी लिहायची, मामाकडे न्या, पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या पत्रात पुन्हा तेच वाक्य.

दोन वर्षांची दोन वर्षं चार महिने झाली. मी गाडीतून उतरले तर तो फलाटावर उभा. थोडा वाळला होता. मी आधी काय बघावं? त्याचं मनगट! घड्याळ जवळजवळ एक तास पुढे.

"हे काय!" मी ओरडलेच. "एकदाही लावलं नाहीत?"

"शेवटचं तुम्ही लावलं होतं," तो म्हणाला. "किल्ली रोज दिली, एक दिवस चुकलो नाही. काट्यांना हात लावला नाही."

"आणि वेळ कशात बघत होतात?"

"वेळ भिंतीवरच्या घड्याळात. यात तुम्हाला जाऊन किती दिवस झाले ते बघायचो. दिवसाचे चार सेकंद."

भर स्टेशनात, लोकांच्या धक्क्यात मी रडायला लागले, आणि तो बिचारा खिशात रुमाल शोधत राहिला.

"आज मात्र यावरच निघालो," तो म्हणाला. "एक तास आधीच येऊन उभा आहे."

मी त्याचा हात धरला. किल्ली ओढली, काटे मागे घेतले आणि फलाटावरच्या मोठ्या घड्याळाशी मिळवले. हात सोडला नाही.

"आता?" मी विचारलं.

"आता घरी," तो म्हणाला. "आईला सांगून आलोय, तुला घेऊनच येतो."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता.