खिंडीजवळचा आवाज

"ए! सोड! सोड म्हणते ना!"

ब्रायर हातमोजा उगारून ओरडत होती. तिच्या गाडीच्या बॉनेटवर कोंबडीएवढा हिरवा किआ पोपट बसला होता. वायपरचं रबर त्याने अर्धंअधिक उपटलं होतं, आणि या आरडाओरडा करणाऱ्या बाईकडे तो मान तिरकी करून मोठ्या कौतुकाने बघत होता.

"त्याला वाटतंय, तू त्याच्यासाठी गातेयस," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. खांद्यावर स्की टाकलेला एक उंच, सावळा तरुण. कानटोपीखालून कुरळे केस निसटलेले, नाकाची साल उन्हाने निघालेली. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता बिचाऱ्याचा... जमत मात्र नव्हतं.

"हसतोस काय? हाकल त्याला!"

"मी? तो इथला जुना रहिवासी आहे. नवी तू आहेस." त्याने हात पुढे केला. "राविरी. लोकांना डोंगरात घेऊन जातो, आणि जमलं तर परतही आणतो."

"ब्रायर. बर्फाचा अंदाज सांगते."

"अरे देवा! म्हणजे यापुढे शिव्या तुला पडणार तर!"

हॅलिडे नावाच्या स्कीच्या डोंगरावर हिवाळा नुकता लागला होता. रोज उजाडता उजाडता ब्रायर उतारावर जायची, फावड्याने बर्फात खड्डा खणून एकेका थराला बोटांनी चाचपून बघायची. मग खाली येऊन कँटीनबाहेरच्या फळ्यावर लिहायची – नवा बर्फ किती पडला, वारा कुठला, कोणते उतार खुले, कोणते बंद. दक्षिणेचा वारा आला की सगळे खूश, कारण तो बर्फ आणतो. वायव्येचा आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. तो उबदार, धसमुसळा वारा बर्फ ढकलत नेऊन नको तिथे रचतो, आणि वर पाऊस ओततो.

फळा सगळे वाचायचे. राविरी मात्र रोज तिलाच येऊन विचारायचा.

"फळ्यावर लिहिलंय की सगळं," ती म्हणायची.

"फळा बघून माझा दिवस चांगला जात नाही."

"मग काय बघून जातो?"

"आंटी हुहानाचे चीज रोल," तो गंभीरपणे म्हणायचा. कँटीन चालवणारी आंटी हुहाना आतून खो-खो हसायची. ती त्याच्या आईची चुलत बहीण. ब्रायरच्या बशीत ती हल्ली न मागता एक रोल जास्त ठेवायची, आणि ब्रायरचे कान लाल व्हायचे.

पण ती पुढे पाऊल टाकत नव्हती. राविरी हिवाळ्यामागे फिरणारा माणूस. इथला बर्फ वितळला की तो कॅनडाला निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जाणाऱ्या माणसात जीव कशाला गुंतवायचा? असं ती स्वतःला बजावायची... आणि दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उगाच रेंगाळायची.

ऑगस्टमधली, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, ती सकाळ लख्ख होती. दोन दिवस दक्षिणेच्या वाऱ्याने मनसोक्त बर्फ टाकला होता. राविरी ब्रिस्बेनहून आलेल्या एका जोडप्याला, ग्लेन आणि मार्गो यांना, खिंडीपलीकडच्या दरीत घेऊन निघाला.

"वारा फिरेल, पण संध्याकाळी," ब्रायर म्हणाली. "दुपारच्या आत परत ये."

"काळजी वाटते?"

"त्या दोघांची."

"हो का!" त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला. पण जाता जाता दोनदा मागे वळून पाहिलं.

वारा फिरायला संध्याकाळपर्यंत थांबला नाही. दुपारच्या जेवणाआधीच कँटीनच्या खिडक्या थडथडू लागल्या. ब्रायर यंत्राच्या पडद्याकडे धावली. कड्यावरचा वारा तिपटीने वाढला होता – वायव्येचा! गारवाही झपाट्याने कमी होत होता. बघता बघता खिंड ढगात बुडाली. मग पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजले. कड्यावरचं वारा मोजणारं यंत्रच बर्फाने जाम झालं होतं.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

"ब्रायर, राविरी बोलतोय. आम्ही खिंड ओलांडून अलीकडे आलोय, मोठ्या खडकाच्या आडोशाला आहोत. पुढचा उतार ओलांडला की घर. मार्गो गारठलीय. दिसत काहीच नाही. काय करू?"

डंकन, डोंगराचा सगळा कारभार बघणारा माणूस, तिच्या मागे येऊन उभा राहिला. "सांग त्याला, आत्ताच निघ म्हणावं. जितका उशीर, तितका बर्फ त्या उतारावर साचणार. बाई गारठून मरेल तिथे!"

डंकनचं म्हणणं चूक नव्हतं. पण सकाळपासून त्या उतारावर किती बर्फ लोटला गेलाय? खालचा थर धरून आहे, की सगळा बर्फ सुटून कोसळेल? ब्रायरने डोळे मिटले. सकाळी खणलेला खड्डा आठवला. पण तो खड्डा दुसऱ्याच उतारावरचा, आणि सकाळ वेगळीच होती.

डोंगरावर सगळ्यांचं बोलणं एकाच वाहिनीवर चालायचं. लिफ्टवाले, बचाव पथकातले, सगळे कान देऊन होते.

"राविरी," ती म्हणाली. "मला माहीत नाही. खरंच नाही. सकाळचा माझा अंदाज चुकला, आणि आता तो उतार सुटेल की धरेल, मला सांगता येत नाही... म्हणून म्हणते, त्यावर पाऊल टाकू नकोस. तिथेच थांब."

नुसती खरखर. मग –

"ठीक. थांबतो. बर्फात खोदून बसतो आम्ही. बॅटरी वाचवायला हवी, अधूनमधून बोलेन."

डंकनने मूठ टेबलावर आपटली आणि तो बाहेर निघून गेला.

नंतरची दुपार कशी सरली, ते ब्रायरला धड आठवत नाही. आंटी हुहानाने पुढ्यात ठेवलेला चहा निवला. राविरी दोनदा बोलला. मार्गो शुद्धीवर आहे. ग्लेन तिला मिठीत घेऊन बसलाय. तिसऱ्यांदा बोलायची वेळ आली... आणि गेली.

मग ढग जरासा फाटला. सगळे खिडकीशी धावले. उतार दिसला – पांढराशुभ्र, अखंड, जागच्या जागी.

"बघ," डंकन हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तेव्हाच निघाले असते तर आत्ता इथे चहा पीत बसले असते, पोरी."

तिने वॉकीटॉकी पुन्हा कानाशी धरली.

ढग पुन्हा मिटला. पत्र्यावर टपटप पाऊस सुरू झाला. आणि थोड्याच वेळात – धप्प! जड, खोल आवाज. खिडकीच्या काचा थरथरल्या, कपांवर कप किणकिणले.

उतार सुटला होता.

"राविरी?" तिने बटण दाबलं. "राविरी, बोल!"

काही नाही.

कंटाळून तो निघाला असेल तर? मार्गोची अवस्था बघवली नसेल तर? नेमका उताराच्या मध्यावर असेल तर?

"राविरी, ऐकतोयस ना? शिव्या दे, हस, काहीही कर, पण बोल. मी... मी रोज त्या फळ्यापाशी कशासाठी उभी असते? फळा लिहून केव्हाच झालेला असतो! तू यायचा असतोस म्हणून उभी असते. मूर्खा, बोल ना!"

कँटीनमध्ये कुणी हललं नाही. आंटी हुहाना ओठ हलवत पुटपुटत होती, प्रार्थना असावी.

खरखर. पुन्हा खरखर.

"...बॅटरी गोठली होती. काखेत धरून गरम केली. आम्ही तिघंही खडकाआडच आहोत. उतार आमच्या डोळ्यांसमोर गेला, ब्रायर... पुढचा सगळाच्या सगळा." त्याचा श्वास ऐकू येत होता. "आणि ते फळ्याचं काय म्हणालीस? अर्धंच ऐकू आलं."

"आम्हाला पूर्ण ऐकू आलं!" कुणीतरी लिफ्टवाला मध्येच ओरडला.

ब्रायरने वॉकीटॉकी टेबलावर ठेवली आणि ओंजळीत तोंड लपवून ती रडली. डंकनने तिच्या डोक्यावर आपला रुंद हात ठेवला, क्षणभरच, आणि बचाव पथकाला हाक मारत तो बाहेर पळाला.

सुटायचा तो बर्फ सुटून गेला होता, वाट मोकळी होती. अंधार पडायच्या आत पथकाने तिघांना खाली आणलं. मार्गोला ब्लँकेटात गुंडाळून ग्लेनसह गावातल्या दवाखान्यात पाठवलं. जाता जाता तिने ब्रायरचा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

राविरी शेगडीपाशी बाकावर बसला होता. बोटं इतकी बधिरलेली, की बुटांचे चाप उघडेनात. ब्रायर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि एकेक चाप उघडू लागली. त्याच्याकडे बघायचं धैर्य होत नव्हतं, त्यामुळे ती बुटांशीच बोलली.

"तू कॅनडाला जाणार, म्हणून गप्प होते मी. वाटायचं, उगाच कशाला... पण आज तो आवाज ऐकला ना, तेव्हा कळलं. तू जा, राहा, कुठेही अस – मला तू आवडतोस. नुसता आवडत नाहीस. प्रेम आहे माझं तुझ्यावर."

उत्तर आलं नाही. तिने वर पाहिलं.

राविरीचं डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले. गाढ झोपला होता.

"झोपला?" ब्रायर हताश होऊन म्हणाली. "एवढं सगळं बोलले, आणि हा झोपला?"

"मी ऐकलं गं," आंटी हुहाना रश्श्यात पळी फिरवत म्हणाली. "उठला की सांगते त्याला."

"नको सांगूस, आंटी," डोळे न उघडताच राविरी म्हणाला. त्याचा गारठलेला हात चाचपडत तिच्या गालापर्यंत आला आणि तिथेच विसावला. "तिच्याच तोंडून परत ऐकायचंय मला."