त्र्यंबककाकांच्या बंद खिडक्या

"शकू, उद्यापासून तू तालमीला यायचं नाहीस," त्र्यंबककाका म्हणाले आणि तिच्या मैत्रिणीचं, सुमतीचं, डोकंच फिरलं.

सत्तावन्न सालची मे महिन्याची सुट्टी. ठाण्यात फ्लूची साथ नुकतीच शिरली होती. वाचनालयाच्या मागच्या खोलीत काका मुलांचं नाटक बसवत होते आणि राणी होती शकू, मिठागरावरच्या काळुरामची मुलगी. आठवड्यात सात मुलं तापाने आडवी झाली, तर काकांनी खापर फोडलं शकूवर. का, तर म्हणे ती खाडीकडून आजार घेऊन येते!

"मना ताप हाय का? हात लावून बगा," शकू म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला आणि ते तोंडावर रुमालही न धरता दणकून खोकले. धडधाकट पोरीला हाकलायचं आणि आठ दिवस खोकणारा माणूस खुर्चीत बसून सूचना देणार! सुमतीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बाहेर पायरीवर बसून तिने आणि पडद्यांच्या कामातल्या तिच्या जोडीदाराने, सुधीरने, सगळं आठवून पाहिलं.

"आजारी पडलेले सातही जण काकांसमोर आत बसायचे," सुधीर म्हणाला. "शकूचा प्रवेश अगदी शेवटी. तोवर ती आपल्याबरोबर ओटीवर पडदे रंगवायची. आपण तिघंही ठणठणीत."

"आणि आत सगळ्या खिडक्या बंद. काकांना वारा बाधतो ना," सुमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंना बोलावून आणलं आणि शकूसकट मुलांना ओटीवरच थांबवलं. मग काकांच्या खुर्चीशेजारी धुपाटणं ठेवलं.

"साथ आहे ना, काका, म्हणून धूप," ती म्हणाली. काका खूश झाले.

पाच मिनिटांत धूर पार मागच्या भिंतीपर्यंत पोचला. काकांचे डोळे चुरचुरायला लागले.

"अरे, खिडक्या उघडा. जीव घुसमटला माझा!"

"पण काका, वारा बाधेल," सुधीर साळसूदपणे म्हणाला.

"बाधू दे. उघड आधी!"

खिडक्या उघडल्या. समोरासमोरून वारा आला आणि बघता बघता धूर निघून गेला.

"धूर दिसला म्हणून तुम्ही ओरडलात," सुमती म्हणाली. "तुमचा खोकला दिसत नाही, पण तोही असाच खोलीभर पसरतो. आणि नाव मात्र शकूचं घेतलंत."

"पोरीचं खरं आहे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "खोकल्यातले जंतू बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. खिडक्या उघड्या हव्यात, तोंडावर रुमाल हवा आणि खोकणाऱ्याने घरी पडून राहायला हवं. मी घरोघर हेच सांगून थकले, या मुलांनी ते एका धुपाटण्यात दाखवलं. शाबास रे."

काकांनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. मग दाराशी उभ्या असलेल्या शकूला म्हणाले, "चुकलो, पोरी. ये आत."

शकू जागची हलली नाही.

"मी कशाला आत येऊ? तुमी घरी जा, काका, नि बरे व्हा. तवर आमी तालीम अंगनात करू."