सीट मागेच ठेवा

तो दिवा बंदच करा. मघापासून लुकलुकतोय, डोकं उठलं माझं. अंधारात बोलता येतं की. बस रे तू इथे, आणि सूनबाई, तुम्हीही बसा. आज दुपारी तुम्ही जुनी गाडी आणून दारात लावलीत. मी विचारलं, आधीच्या मालकाने काही सांगून ठेवलंय का, तर दोघं एकमेकांकडे बघून हसलात. "काका, सगळे कागद तपासलेत." कागद तपासलेत म्हणे. अरे, माणसाला दोन शब्द विचारायला तोंड दुखतं का?

माझं बाइंडिंगचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. शेजारी घड्याळजीचं दुकान, मधे एक भिंत. बुटका, काटकुळा, एका जागी म्हणून टिकायचा नाही. सगळी गल्ली त्याला सेकंदकाटा म्हणायची आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. हात मात्र असा, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी थरथर नाही. आणि हट्टी. इतका हट्टी, की बंद पडलेलं घड्याळ चालू केल्याशिवाय जेवायला जायचा नाही.

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, दमा होता. आदल्या हिवाळ्यात रात्री श्वास अडकला आणि टॅक्सीची वाट बघत दोघं चाळीस मिनिटं पायरीवर बसून होते. त्या वेळी वाचल्या. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वेळी पंधरा मिनिटांत इथे पोचायला हवं, नाहीतर मी काही करू शकणार नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच. गाडी. छोटी चालेल, जुनी चालेल, रात्री सुरू झाली पाहिजे.

चार महिने दर रविवारी मला घेऊन हिंडला. नाकी नऊ आले आमच्या. एका गाडीचं दार फक्त बाहेरून उघडायचं. एकीच्या पायाखालच्या मॅटखाली पाणी. एक दलाल म्हणाला, ही एका निवृत्त मास्तरांनी वाचनालयापर्यंतच चालवलीय. मागच्या सीटवर सिमेंट सांडलेलं होतं. सेकंदकाटा म्हणाला, "मास्तर वाचनालय बांधत होते का?" पण हसायचा उत्साह दोघांतही उरला नव्हता.

शेवटी एक मिळाली. चंदेरी रंगाची, चार माणसं दाटीवाटीने बसतील एवढीच. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या भावाची. भाऊ वारलेला. आम्ही गेलो तेव्हा बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे किंमत त्यांनी लिहूनच दाखवली. इंजिन बघितलं, चक्कर मारली, सगळं ठीक. किल्ली देताना मात्र त्यांनी टाचण्या काढून हातात घेतल्या.

"रात्री गाडी लावली की ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवून ठेवा," त्या म्हणाल्या. "सकाळी हवी तशी पुढे घ्या."

"का हो?" सेकंदकाट्याने विचारलं.

"भाऊ तशीच ठेवायचा. उंच होता तो."

झालं. एवढ्यावर आम्ही मान डोलावून निघालो. मी तरी विचारायला हवं होतं, 'अहो, पण आता तो नाही ना?' नाही विचारलं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो माझाच येतो.

सेकंदकाट्याने अर्थातच सीट मागे केली नाही. बुटका माणूस, त्याचे पाय पेडलला जेमतेम पोचायचे. त्याने सीट पुढे घेतली आणि तशीच ठेवली. सकाळी बघतो तर सीट पार मागे. त्याला वाटलं, खटका सैल असेल. पुन्हा पुढे घेतली. दुसऱ्या सकाळी पुन्हा मागे. गाडीला कुलूप, काचा बंद, किल्ली याच्या उशाशी. आठ दिवस हेच. गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने सीट हलवून बघितली, तेल घातलं, म्हणाला काही झालेलं नाही. दुसऱ्यांदा नेली, खटका बदलला. तिसऱ्यांदा नेली तेव्हा त्याने पैसेसुद्धा घेतले नाहीत. "काका, तुम्हीच विसरत असाल," असं प्रेमाने म्हणाला. हे कुणाला, तर गिऱ्हाइकाचं तोंड विसरला तरी घड्याळ न विसरणाऱ्या माणसाला. तळपायाची आग मस्तकात गेली त्याची.

"त्या बाईंना फोन कर," मी म्हणालो.

"बाईंना काय कळतंय सीटच्या रुळातलं," तो म्हणाला. "रात्री हिला घेऊन निघायचं, आणि मी काय आधी सीट खेचत बसू?"

त्यातही खरं होतं. एक एक मिनिट मोलाचं होतं त्याला.

मग त्याने केलं ते घड्याळजीच करणार. सीट आपल्या मापाने पुढे घेतली, खालच्या रुळाला एक भोक पाडलं आणि आरपार बोल्ट आवळला. आणि वर त्याची ती सवय. एखादा स्क्रू परक्याने फिरवू नये असं वाटलं, की तो स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायचा. स्क्रू केसभर फिरला तरी रेघ तुटते. इथे त्याने वहिनींचं लाल नेलपेंट वापरलं. मला मुद्दाम वाकवून दाखवलं. "आता बघू कोण हलवतं."

सीट हलली नाही. नऊ दिवस. दुकानात शीळ घालत काम करायचा.

दहावी रात्र. बुधवार संपून गुरुवार लागलेला. दोन वाजून बारा मिनिटं. सेकंदकाट्याने सांगितलेली वेळ आहे, तीत चूक नसणार. वहिनींचा श्वास अडकला. त्याने त्यांना शाल गुंडाळून खाली आणलं, पुढे शेजारच्या सीटवर बसवलं, स्वतः बसला आणि किल्ली फिरवली.

काही नाही.

दिवे लागले. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. त्याच संध्याकाळी ती पहिल्या झटक्यात सुरू झाली होती. त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. चार महिने वणवण केली ती ह्यासाठी? टॅक्सीला फोन लावला. कुणी उचलेना. वहिनींचे ओठ काळे पडत चालले होते.

दोन सतरा.

वहिनींनी त्याची बाही धरली. त्या समोर बघत नव्हत्या. वर, मधल्या आरशात बघत होत्या.

"अहो... त्यांना... जागा द्या..."

"कुणाला?"

"मागे... पाय आखडून बसलेत..."

त्याने आरशात बघितलं नाही. मला म्हणाला, नाही बघवलं. सीटखाली हात घालून बोल्ट चाचपला. पाना दुकानात. बोटांनी फिरवायला गेला. बोल्ट हलेना. तो हात... थरथरत होता.

मग त्याने हात टेकले. उतरला. मागचं दार उघडलं. मागे कुणी नव्हतं. हा ड्रायव्हरच्या सीटमागेच बसला. हात लांब करून वहिनींचा खांदा धरला. पुढच्या रिकाम्या सीटकडे बघून एकच शब्द बोलला.

"बसा."

पुढचं दार त्याने उघडंच ठेवलं होतं.

ते लागलं. हळू.

...

कट्.

कट्... कट्...

सीट मागे येत होती. बोल्ट घातलेली सीट. त्याच्या गुडघ्यांना टेकली. थांबली. तिला भार होता.

इंजिन सुरू झालं.

त्याने डोळे मिटून घेतले. हातात वहिनींचा खांदा. वळणं कळत होती. खड्डा आला की गाडी आधीच हळू व्हायची. वहिनींचा श्वास तेवढा ऐकू येत होता... तुटत... पुन्हा लागत...

डोळे उघडले तेव्हा समोर इस्पितळाचं दार होतं. दोन एकोणतीस.

वाचल्या वहिनी. डॉक्टर म्हणाले, अगदी ऐन वेळी आणलंत. पुढे सहा वर्षं जगल्या.

सकाळी त्याने शिवणाऱ्या बाईंना फोन केला. भांडायलाच केला होता, पण बाई सांगत गेल्या आणि भांडण राहूनच गेलं. भावाने आईला असंच एका रात्री न्यायला घेतलं होतं. गाडी थंडीने अडली, सुरू व्हायला वीस मिनिटं लागली, आई दारातच गेली. त्यानंतर तो रोज रात्री गाडीत झोपायचा. इंजिन मधून मधून चालू करून बघायचा. गल्लीत कुणालाही न्यायची वेळ आली, तर उशीर नको म्हणून. उंच माणूस, सीट पार मागे केल्याशिवाय पाय मावायचे नाहीत. एका पहाटे तो उठलाच नाही.

"तुम्ही सीट मागे ठेवता ना?" बाईंनी विचारलं. याने फोन ठेवून दिला. मला सांगताना रडला होता. म्हणाला, "अरे, दोन वाक्यं होती. मी दोन वाक्यं विचारली नाहीत, आणि वर त्या माणसाची जागा बोल्टने आवळली."

तरी मनातून त्याला वाटतच होतं, की घाबरलेल्या अवस्थेत गाडी आपणच चालवली असणार. संध्याकाळी आम्ही दोघं गाडी आणायला इस्पितळाच्या आवारात गेलो. दार उघडून तो बसला. पाय पेडलला पोचेनात. सीट पार मागे होती.

मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. बोल्ट रुळात होता, घट्ट. रुळाला भोक एकच होतं, त्याने पाडलेलं. फक्त ते आता पुढे नव्हतं, वीतभर मागे होतं. आणि बोल्टवरून पत्र्यावर उतरलेली लाल रेघ कुठेही तुटलेली नव्हती.