न विचारता चार टिक

त्यानं आधी पिस्तूल खाली ठेवलं. नळी समोरच्या दिशेला, मॅगझिन बाहेर, आत गोळी नाही हे डोळ्यांनी बघून. मग दोन पावलं मागे सरकला. आणि मग नाचला.

नाचला म्हणजे अक्षरशः. एक हात कॉलरमध्ये, दुसरा शर्टाखालून पाठीवर, आणि तोंडानं आई, आई गं, आई! माझ्या कानांवर आवाज अडवणारे जाड कप होते, त्यामुळे ऐकू काहीच आलं नाही. नुसते ओठ दिसले.

माझ्या पिस्तुलाची पुंगळी होती ती. गोळी पन्नास मीटर पुढे जाते. तिची तापलेली पितळी पुंगळी मात्र उजवीकडे उडते. उजवीकडे तो होता.

"सॉरी — खरंच सॉरी," कप उतरवत मी म्हणाले.

"ते राहू द्या. गोळी कुठे लागली ते बघा."

मी दुर्बिणीला डोळा लावला. "दहा."

"मग वसूल," तो म्हणाला, आणि पुंगळी माझ्या हातावर ठेवली. अजून कोमट होती.

*

तो नेमबाजी क्लबचा मिस्त्री. मैदानामागच्या खोलीत सगळ्यांची पिस्तुलं खोलतो, पुसतो, जुळवतो, आणि दुरुस्त झालेलं पिस्तूल शेजारच्या जागेवरून स्वतः चालवून बघतो.

मी कवळ्या बनवते. हसू नका. कुणीतरी बनवतंच ना? मेणात एकेक दात बसवायचा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर आजोबांना पेरू सोडा, केळंसुद्धा चावता येत नाही. दिवसभर एवढंसं काम करून डोळे आखडतात, म्हणून गुरुवारी आणि रविवारी मी लांबचं बघायला इथं येते. पन्नास मीटरवर काळा गोल, आणि त्यात भोकं पाडणारी मी.

क्लबवर सगळे मला ताई म्हणतात. त्यानं पहिल्या दिवसापासून 'अहो'वर भागवलं. हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आलंय हे त्याच्याही लक्षात आलं होतं.

*

(कानांवर कप असताना झालेली बोलणी. जशी झाली तशी.)

तो — भुवया वर. *किती?*

मी — आठ बोटं.

तो — नाक मुरडून. *फक्त?*

मी — त्याच्या कागदाकडे बोट.

तो — आभाळाकडे बघतो. एकदम फार ढग असल्यासारखा.

शिट्टीमावशी — शिट्टी.

(मावशी म्हणजे मैदानाच्या प्रमुख. निवृत्त पीटी शिक्षिका. "नेम समोर धरायचा, शेजारी नाही!" हे त्या कप असतानाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात.)

*

मग माझे नेम बिघडले.

आधी सात. मग सहा. सगळे उजवीकडे. मी डावीकडे धरून मारायला लागले तर एक पाच, एक नऊ, एक कागदाच्या कडेला. पुढच्या गुरुवारीही तेच.

पिस्तुलाला नवीन मूठ बसवल्यापासून गोळ्या जरा डावीकडे पडत होत्या, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात मी साईटचा, म्हणजे नेम धरायच्या खाचेचा, स्क्रू उजवीकडे फिरवला होता. मोजून चार टिक, म्हणजे फिरवताना टिक वाजणारे चार टप्पे. प्रत्येक टिकला गोळी थोडी सरकते, चारांत अगदी मधोमध येते. हिशेब बरोबर होता. त्यानंतर फक्त साफ करायला पिस्तूल मिस्त्रीकडे दिलं होतं. म्हणजे साईटवर संशय घ्यायचं कारण नव्हतं.

उरला हात.

*

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे, लोक बघायला थांबायचे. बावन्नाव्या वर्षी उजवा अंगठा हलायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग पूर्ण हात. आता चहाचा कप अर्धाच भरून देते मी. "बरं झालं," ते म्हणतात, "साखर ढवळायची कटकट गेली."

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की हे मुलांकडे येतंच असं नाही. 'येतंच असं नाही' हे वाक्य मी नऊ वर्षं उशाला घेऊन झोपतेय.

आता कामाच्या टेबलावर मी मेण सोडून अंगठ्याकडे बघायला लागले. बघितलं की तो हलायचा. बघू नये म्हटलं की जास्त हलायचा.

अंगठा गेला तर कवळ्या गेल्या, पन्नास मीटर गेले. आणि तो... त्याला कशाला सांगायचं? अजून तर आम्ही 'तुम्ही'वरच होतो. उद्या ज्याला माझा कप अर्धा भरावा लागेल, त्यानं आजच दूर राहिलेलं बरं.

मी जागा बदलली. त्याच्यापासून सहा जागा लांब. भुवया वर झाल्या की मी मॅगझिन भरायला खाली बघायचे.

*

शनिवार. दुसऱ्या दिवशी संघाची निवड. मी मावशींच्या टेबलाशी उभी.

"माझं नाव काढा."

"का गं?"

"जमत नाहीये."

मावशींनी पेन उचललं, आणि मागून आवाज आला, "थांबा, मावशी."

तो होता. हात तेलानं काळे, तोंड पांढरं.

"पाच गोळ्या मारा," तो मला म्हणाला. "मग नाव काढा. पण माझ्या अटीवर — दुर्बीण झाकलेली. नेम दर वेळी अगदी मधोमध. मध्ये काही सुधारायचं नाही."

"मिस्त्री, उगाच —" मी म्हणाले.

"पाचच."

मी मारल्या. हात थरथरतोय असंच प्रत्येक वेळी वाटत होतं. पाचवी सुटली, मावशींनी शिट्टी देऊन मैदान बंद केलं, आणि तो स्वतः पन्नास मीटर चालत गेला. येताना पळत आला.

कागद माझ्यापुढे धरला. पाच भोकं. सगळी उजवीकडे, सहाच्या रिंगणात. पण —

"बोट ठेवा त्यावर," तो म्हणाला.

ठेवलं. माझ्या अंगठ्याखाली पाचही भोकं झाकली गेली.

"हात हलला असता तर ही कागदभर विखुरली असती," तो म्हणाला. "हात दगडासारखा आहे तुमचा. चुकीच्या जागी, पण दगडासारखा. आधी जे विखुरलं ते तुम्ही दर गोळीला डावीकडे धरत असणार म्हणून."

मी खाली बसले. तिथंच, सिमेंटवर. मला रडू यायच्या ऐवजी जांभई आली. मोठी. दोन आठवड्यांची.

मग डोक्यात उजेड पडला. "मग साईट? साईट तर मी मोजून —"

तो तेलाचे हात शर्टाला पुसायला लागला.

"मिस्त्री?"

"तुमच्या पेटीत जुने कागद होते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळे डावीकडे. मला वाटलं... गुरुवारी पहिलीच गोळी दहा लागेल, आणि तुम्ही दुर्बिणीतून डोळा काढून हसाल. तुम्ही हसता तशा. म्हणून मी... चार टिक. उजवीकडे."

"माझे चार आधीच दिलेले होते!"

"ते आत्ता कळलं. मावशींना तुम्ही 'नाव काढा' म्हणालात तेव्हा वाटलं, माझ्या चार टिकांमुळे तर नाही? म्हटलं, एकदा बघूच."

दुसऱ्याच्या साईटला न विचारता हात लावायचा नाही. हा क्लबचा पहिला नियम. दुसऱ्याच्या दात घासायच्या ब्रशसारखी असते साईट. आणि ती मिस्त्रीनंच फिरवावी?

"दोन आठवडे," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "दोन आठवडे मी अंगठ्याकडे बघत बसले! मला वाटलं बाबांचं... मला वाटलं..."

मी अंगठा मुठीत लपवला. पण त्याला कळलं. बाबांबद्दल क्लबात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून जे काही खाली उतरत गेलं, ते बघून माझा राग अर्ध्यात थांबला.

"मला मारा," तो म्हणाला. "पण लांबून नको. तुमचा नेम आता चांगला लागेल."

मावशी जोरात खोकल्या. "मिस्त्री, दुरुस्तीची चिठ्ठी केली होती का?"

"नाही."

"मग आत्ता कर."

त्यानं टेबलावरची छापील चिठ्ठी ओढली. तेलकट बोटांचे ठसे उमटवत भरली, आणि माझ्याकडे सरकवली.

*काम: मागची साईट, उजवीकडे चार टिक.*

*कोणी सांगितलं: कोणीच नाही.*

*कारण:*

कारणापुढे बराच वेळ पेन टेकवून धरल्याचा शाईचा ठिपका होता. आणि त्यापुढे —

*ही मला आवडते. तोंडानं सांगायला हवं होतं. स्क्रूनं सांगितलं.*

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं म्हणून नाही, वर बघायचं धाडस व्हावं म्हणून.

"यापुढे," मी म्हणाले, "तोंडानं सांगत जा."

"जा?" तो म्हणाला. "म्हणजे... तू?"

"हो. तू."

मावशींनी माझ्या नावावर उगारलेलं पेन टोपणात घातलं.

*

त्यानं स्कूटरवरून घरी सोडलं. ऊन उतरत होतं. बाबा खिडकीशी बसले होते. मी सगळं सांगितलं, एका दमात. कागदही दाखवला.

बाबांनी पाच भोकांवर आपला हलता अंगठा ठेवला. हलत होता, तरी झाकली गेली.

"तू दोन आठवडे चहाचा कप डाव्या हातानं धरत होतीस," ते म्हणाले. "मी बघत होतो. विचारायची हिंमत होईना. वाटलं, दिलं मी हिला... नको ते."

"नाही हो बाबा."

"नाही ना?"

"नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "तो खाली कोण आहे? तू आल्यापासून स्कूटर पुसतोय. रंग उडायचा तिचा."

मी वाकून पाहिलं. पुसत होता. तोच आरसा, पुन्हा पुन्हा.

"अरे, वर ये!"

लिफ्ट चालू होती. तो जिन्यानं आला. तीन मजले, दोन-दोन पायऱ्या. आवाज वर चढत होता, आणि इकडे बाबांनी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावायला घेतलं. मी पुढे झाले, तर मला हात लावू दिला नाही.

तो दारात पोहोचला तेव्हा बटण लागलं.