टेकू बोलता बोलता का पडायचा?

टेकू एकटा चालत असला की कधीच पडत नसे. ऋजुता त्याच्याशी बोलू लागली आणि वाट चढाची असली, की मात्र तो हमखास तोल जाऊन कोलमडायचा. असं का, ते तळावर कुणालाच उमगत नव्हतं.

चंद्रावरच्या त्या तळावर ऋजुताच्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं. आई खडकांचे नमुने आणायला लांब जायची. बाबा साताऱ्यालाच राहिले होते. सामान वाहणारा टेकू हा यंत्रमानव तेवढा तिचा सोबती. शिरस्त्राणातल्या रेडिओवरून दोघांच्या गप्पा चालायच्या. पण एकदा तो प्राणवायूच्या नळकांड्यांसकट चढावरून गडगडला. तळप्रमुख कुलसंगेबाईंनी बजावलं, की आता पडला तर त्याची रवानगी कोठारात.

त्या दिवसापासून ऋजुता त्याच्याशी बोलेनाशी झाली. टेकू मुकाट्यानं शेजारून चालायचा.

"माझं काही चुकलं का?" सपाट वाटेवर त्यानं एकदा विचारलं.

तिनं नकारार्थी मान हलवली. पण शिरस्त्राणाच्या आत हललेली मान त्याला कुठून दिसणार?

शबनमताईच्या हे लक्षात आलं. ती सोलापूरची संशोधक विद्यार्थिनी. टेकू ज्या कार्यप्रणालीवर (यंत्रातली सगळी कामं सांभाळणारी मूळ आज्ञावली) चालायचा, तिच्यावरच तिचा अभ्यास चालू होता. ही प्रणाली मुक्तस्रोत (कुणीही उघडून वाचावी, सुधारावी अशी) होती. ऋजुताचं बोलणं ऐकून घेतल्यावर ताईनं तिला कार्यशाळेत बसवलं आणि समजावून सांगितलं. टेकूचा प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) एका वेळी एकच काम करतो. थोडा वेळ पाय, थोडा वेळ डोळे, थोडा वेळ बोलणं. कुणाची पाळी केव्हा, हे कार्यप्रणाली ठरवते. त्याला म्हणतात नियोजन.

"मग त्याला आणखी वेगवान प्रोसेसर बसवू या," ऋजुता म्हणाली.

ताईनं विचारलं, साताऱ्याला कधी दूध उतू गेलेलं पाहिलंस का? ऋजुतानं पाहिलं होतं. बाबा फोनवर बोलत बसले होते.

ताई म्हणाली, "बाबा चपळ असून काय उपयोग? फोन मध्येच ठेवून गॅस बंद करायला हवा होता. पटकन होणं वेगळं आणि वेळेत होणं वेगळं."

टेकूचंही तसंच होत होतं. बोलण्यासाठी शब्द जुळवताना ते काम मध्ये तोडायचं नाही, असं आज्ञावलीत लिहिलं होतं. सपाटीवर तेवढा उशीर चालून जायचा. चढावर तोल क्षणाक्षणाला सावरावा लागतो. तिथं पायांची पाळी येईपर्यंत तो पडलेला असायचा. यावर उपाय होता वास्तव-वेळ नियोजन, म्हणजे प्रत्येक काम त्याच्या मुदतीच्या आत होईलच अशी आखणी. ताईनं बोलण्याच्या कामाचे लहान लहान तुकडे केले. आता तोल सावरायचं काम अग्रक्रमानं मध्ये शिरू शकणार होतं.

चाचणीला कुलसंगेबाई स्वतः आल्या. चढ सुरू झाल्यावर ताईनं ऋजुताला खूण केली. तिनं टेकूच्या पायांकडे पाहिलं. आपल्या बोलण्यानं तो पुन्हा पडला तर?

"टेकू," ती शेवटी म्हणाली, "रागावलायस का माझ्यावर?"

"नाही. मला वाटलं, तू..."

त्याच्या पायाखालची खडी सरकली. तो गप्प झाला, हात पसरले, गुडघ्यात वाकला आणि उभा राहिला.

"...आता माझ्याशी बोलणारच नाहीस."

कुलसंगेबाईंनी कोठाराचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढं ताईचा अभ्यास संपला आणि ती पृथ्वीवर परतली. ऋजुताला तळ पुन्हा फार मोठा वाटू लागला. पण जाण्याआधी ताईनं ती सुधारणा सर्वांसाठी खुली केली होती आणि त्या सुधारणेबद्दल येणाऱ्या शंका कुठं वाचायच्या तेही दाखवलं होतं. ऋजुता रोज डोकावायची. बरेच दिवस तिथं काहीच नव्हतं.

मग एक निरोप आला. समुद्राच्या तळावरच्या एका केंद्रातून कुणा मुलानं लिहिलं होतं : 'इथं मी एकटाच मुलगा आहे. आमचा यंत्रमानव बोलताना अडखळतो. तिकडं कुणी आहे का?'

ऋजुतानं खुर्ची पुढं ओढली आणि लिहिलं, 'मी आहे. तो नेमका केव्हा अडखळतो, ते सांग.'