एकतीसवर कोण नाचतंय?

हे खरं घडलेलं आहे.

रात्र नव्हती. आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो... रात्रीचे किती वाजले होते?

सकाळचे दहा चाळीस. मंगळवार, १९ ऑगस्ट १९९७. लुईझियानातलं लाफायेत. बाहेर रणरणतं ऊन, आत ट्यूबलाइट. माझा धंद्यातला जोडीदार हर्लिन शेजारच्या टेबलावर भात भरलेलं सॉसेज चोखत होता. तेल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

आणखी एक. ज्यांना किळस सोसत नाही त्यांनी इथेच थांबावं. मला भीती नंतर वाटली. आधी किळस आली.

भीती गेली. किळस गेली नाही.

*

कुजलेल्या टेपा वाचवणं, हे माझं काम.

टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर गंजासारखी पूड. ती पूड धरून ठेवणारा डिंक. आमच्या दमट हवेत डिंक पाणी पितो, फुगतो, चिकट होतो. अशी टेप यंत्रावर लावली की ती किंचाळते आणि तिची पूड चिखल होऊन हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या चुंबकाला, फासली जाते. माहिती गेली.

म्हणून आधी भाजायची. चोपन्न अंश, दोन दिवस. डिंक तात्पुरता सुकतो. मग कापडातून फिरवून पुसायची आणि एकदाच वाचायची. दुसरी संधी धरून चालायचं नाही.

हे मला अल्सीडमामाने शिकवलं. माझ्या आईचा धाकटा भाऊ. बायको गेल्यापासून माझ्याकडेच राहायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. निवृत्त होईपर्यंत तेल शोधणाऱ्या तुकडीत नोंदी घ्यायचा.

"हात धू. नखं काप. उघड्या बोटाने शिवू नकोस. हेडवर एक कण राहिला तरी नोंद मेली, व्हर्ना. माणसापेक्षा टेप नाजूक."

शेवटचं वाक्य तो हसत म्हणायचा.

*

त्या कामाची एक रीत आहे. ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही.

दलदलीत एका रेषेत अठ्ठेचाळीस कान रोवतात. जमिनीचे हादरे ऐकणारी छोटी यंत्रं. पहिल्या नंबरचा कान नोंद घेणाऱ्या नावेजवळ, अठ्ठेचाळिसावा सर्वांत लांब. सुरुंग उडवायच्या आधी यंत्र नुसतं ऐकतं, आणि ते ऐकणंही टेपवर उतरतं. कोणी पाऊल उचललं तरी कागदावर काळं दिसतं. म्हणून नावेतून वायरलेसवर हुकूम सुटतो...

हलू नका.

मग डोक्यापेक्षा उंच गवतात, जो जिथे असेल तिथे, पुतळा. बोलायचंसुद्धा नाही.

आणि आमच्याकडे पोर चालायला लागलं की पहिली गोष्ट सांगतात ती याच्या उलटी. दलदलीत थांबू नकोस. थांबलास की पाय जातात.

*

त्या ऑगस्टात एका बंद पडलेल्या कंपनीच्या गोदामातून एकशे चाळीस रिळं आली. दोन उन्हाळे तिथला एसी बंद होता. खोकं उघडलं आणि हर्लिन म्हणाला, "देवा, इथे कोणीतरी मोजे उकळलेत."

लेबलांवरचं अक्षर मी लगेच ओळखलं.

रात्रीच्या जेवणाला मी म्हणाले, "मामा, ओळख बघू आज काय आलं? तुझ्या तुकडीच्या टेपा. चौऱ्याहत्तरच्या."

मामाचा चमचा अर्ध्यात थांबला. भेंडीची तार चमच्यापासून वाटीपर्यंत लोंबत राहिली. तुटेना.

"नवव्या खोक्यातलं शेवटचं रीळ?"

"आहे."

"ते भाजू नकोस."

"का?"

"खराब झालं असेल."

"खराब झालंय म्हणूनच भाजतात ना. तूच शिकवलंस."

"म्हाताऱ्याचं कधीतरी ऐकत जा गं."

तो उठला. ती तार त्याच्या शर्टावर चिकटली होती. त्याने पुसली नाही. मामाने! ज्याने आयुष्यभर सगळं पुसलं.

*

टेपा आल्याचं ऐकून तिसऱ्या दिवशी एल्डामावशी दुकानात आल्या. हातात अंजिराच्या मुरंब्याची बरणी. अंग वाळून काडी झालेलं. डॉक्टरांनी ख्रिसमसच्या पुढचं काही बोलायला नकार दिला होता.

त्यांचा नवरा क्लोव्हिस मामाच्याच तुकडीत कान रोवायचा. ऑक्टोबर चौऱ्याहत्तरमध्ये एका संध्याकाळी नाव परत आली ती एक माणूस कमी घेऊन. मुकादम म्हणाला, सकाळपासूनच नव्हता, टेक्सासच्या बाईबरोबर पळाला. सगळ्यांनी मान डोलावली. तेवीस वर्षं एल्डामावशींनी शोकाचे काळे कपडे घातले नाहीत. चर्चमध्ये मृतासाठीची प्रार्थना मागितली की फादर म्हणत, मेला हे कशावरून? आणि मासळीबाजारात बायका विचारत, "काय एल्डा, पत्र आलं का टेक्सासचं?"

"मला त्यातलं काही कळत नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "पण ते कान त्या दिवशी जमिनीतच होते ना? त्यांना विचार. पळाला की बुडाला?"

"मावशी, टेपेवरून तसं..."

"पळाला असेल तर शिव्या घालत मरीन. बुडाला असेल तर प्रार्थना म्हणवून मरीन. असं मधल्यामध्ये मरायचं नाही मला."

मी बरणी घेतली.

*

भाजलेल्या टेपेला मेणाच्या खडूंचा वास येतो. मला तो आवडतो.

दोन दिवसांनी ओव्हन उघडला...

ओहोटीचा चिखल. कुजकी अंडी. आणि खाली काहीतरी गोडसर.

खालच्या ताटलीत पाणी होतं. चोपन्न अंशांवर अठ्ठेचाळीस तास, आणि ताटलीत बोटभर तपकिरी पाणी. वर साय धरलेली.

"काय भाजतेयस तू?" हर्लिन नाक दाबून म्हणाला. "टेप की कासव?"

सोमवारी संध्याकाळी पुसायला घेतली. टेप सरकते, कापड तिच्यावर टेकलेलं असतं, मळलं की बदलायचं. नोंद ठेवायची.

कापड १. तपकिरी. नेहमीसारखं.

कापड २. तपकिरी. ओलं.

कापड ३. बुळबुळीत. उचललं की तार येते.

कापड ४. ...केस. एक. काळा, आखूड. माझे पांढरे आहेत. हर्लिनला टक्कल आहे.

कापड ५.

पाचव्यापुढे वहीत काही नाही. इथे लिहिते. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ काहीतरी कापडाला चिकटून आलं. उजेडात धरलं. त्याच्यावर बारीक गोल रेषा होत्या. आपल्या बोटाच्या टोकावर असतात तशा.

मी कचऱ्याच्या डब्यात ओकले. हर्लिन हसला. मग त्याने कापड पाहिलं आणि हसला नाही.

*

दहा चाळीस. रीळ लावलं.

टेप किंचाळली. चिकट टेपा किंचाळतात, त्यात काही नाही. पण त्या सलग किंचाळतात. ही थांबत होती. श्वास घेतल्यासारखी.

कागद बाहेर येऊ लागला. अठ्ठेचाळीस रेघा. खोक्यात मामाच्या हातची नोंदवही होती, ती मी शेजारी उघडली.

हलू नका, सांगितलं. हेडवर घाण. पुसलं. २२ मिनिटं.
नोंद १. ३१ वर गडबड.
नोंद २. ३१ वर गडबड.
नोंद ३. ३१ वर गडबड. कोण नाचतंय?
नोंद ४ ते ११. गडबड.

कागदावर सत्तेचाळीस रेघा सरळ. एकतिसावी काळीकुट्ट.

"खेकडा असेल," हर्लिन म्हणाला.

"अकरा वेळा?"

"खेकडा थकत नाही."

पण हे थकत होतं. सातव्या नोंदीत काळं कमी. नवव्यात ठोके. धप, धप, मध्ये मोठा खंड. अकराव्यात एकच.

नोंद १२. स्वच्छ. उत्तम.

मामाची वही इथे संपते.

टेप संपली नाही.

किंचाळणं थांबलं होतं. कागद येतच होता, कोरा... कोरा... मग एकतीसवर एक ठोका.

मग तीसवर.

एकोणतीस.

अठ्ठावीस.

प्रत्येकात सारखं अंतर. घाई नाही. दमलेला माणूस घरी जातो तसं.

पाच. चार. तीन. दोन.

एक.

रीळ सुटलं आणि टेपेचं टोक फटाफट आपटत राहिलं. यंत्र बंद करायला माझा हात पुढे जाईना. तेव्हा लक्षात आलं... मी आणि हर्लिन किती तरी वेळ अगदी पुतळ्यासारखे उभे होतो. श्वाससुद्धा धरून.

आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं.

*

दुपारी कागद मामापुढे पसरला. त्याने चष्मा लावला. जुन्या सवयीने एकतिसाव्या रेघेवर बोट ठेवलं आणि नोंद एकपासून बारापर्यंत नेलं.

"मला वाटलं कोणीतरी टवाळकी करतंय," तो म्हणाला. "हेड पुसताना वेळ गेला. उभे राहिले बिचारे. तोसुद्धा राहिला. हुकूम पाळणारा होता क्लोव्हिस."

"बावीस मिनिटं, मामा. दलदलीत."

"हेडवर घाण होती गं."

मी त्याच्याकडे पाहिलं. कापड पाच पाहताना आलं होतं तेच पुन्हा घशाशी आलं. याच हातांनी मला वेण्या घातल्या होत्या.

"संध्याकाळी माणसं मोजली तेव्हा कळलं मला. लगेच कळलं. बारावी नोंद इतकी सुंदर कशी आली ते." त्याने बोट पुढे सरकवलं. "आणि हे काय आहे?"

"तेच विचारायचंय. बाराव्यानंतरचं."

"बाराव्यानंतर मी रीळ उतरवलं होतं."

बोट एकतीसवरून तीसवर गेलं. एकोणतीस. अठ्ठावीस. एकवर येऊन थांबलं.

मग त्याने उजवा पाय उचलला आणि ठेवला. मग डावा.

*

एल्डामावशींना सांगायला तो स्वतः गेला. मी गाडी चालवली. त्याने त्यांचा हात हातात धरून सगळं सांगितलं.

"अकरा वेळा?"

"अकरा."

"आणि तू काय म्हणालास वायरलेसवर?"

"म्हणालो... एकतीसवर कोण नाचतंय."

त्या ओरडल्या नाहीत. हात सोडवून घेतला. रुमाल काढला आणि आपलं एकेक बोट पुसलं. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. सावकाश, एकाच दिशेने. मामाने मला हेड पुसायला शिकवलं होतं, अगदी तसं. मग रुमाल जमिनीवर टाकला आणि दार लावलं.

प्रार्थना झाली. फादरनी कागद पाहिला, मामाचं ऐकलं आणि मान खाली घातली. एल्डामावशी काळ्या कपड्यांत पहिल्या बाकावर होत्या. नोव्हेंबरात गेल्या. मधल्यामध्ये नाही गेल्या.

*

मामा त्यानंतर कधी थांबला नाही.

जेवताना पाय हलवायचा. दाढी करताना या पायावरून त्या पायावर. "थांबलो की खाली जातं," म्हणायचा. झोपेत पांघरुणाखाली चालायचा. रोज सकाळी त्याचे मोजे मी धुवायची. घोट्यापर्यंत तपकिरी, बुळबुळीत. तो घराबाहेर पडलेला नसायचा. मी दोनदा धुवायची, तरी पिळताना तार यायची.

जानेवारीत गेला. खुर्चीत. सकाळीच, उजेडात. पाय जमिनीवर टेकलेले, शेजारी शेजारी.

*

मूळ रीळ वाचताना झिजलं, संपलं. पण वाचतानाच त्याची नक्कल मी नव्या कोऱ्या टेपेवर केली होती. ती आमच्या कोरड्या खोलीत आहे. अठरा अंश. हवा सुकी. तिथे बिस्किटसुद्धा मऊ पडत नाही.

नकला वर्षातून एकदा तपासायच्या, असा नियम आहे. पुसायची, वाचायची, ठेवायची.

पहिल्या वर्षी कापड स्वच्छ निघालं. बारा नोंदी, मग ती चाल, एकतीस ते एक. होतं तसंच.

काल दुसऱ्या वर्षाची तपासणी होती.

कापड तपकिरी. ओलं.

हर्लिन म्हणाला, "नको वाचूस." मी वाचली. बारा नोंदी. चाल. पाच, चार, तीन, दोन, एक.

आणि मग... आणखी एक नोंद.

ती चाल धरली तर चौदावी. मी केलेल्या नकलेत ती नव्हती.

अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रेघा सरळ. कुठे थरथर नाही. मामा असता तर लिहिलं असतं, स्वच्छ, उत्तम.

अशी नोंद एकाच वेळी येते. सगळे आले आहेत, आपापल्या जागी आहेत, आणि कोणी हलत नाही, तेव्हा.

नंबर एक म्हणजे यंत्राच्या सर्वांत जवळचा. मामाचं यंत्र कधीच भंगारात गेलं.

आता यंत्र माझं आहे.

हे सगळं मी उभ्याने लिहिलं आहे. या पायावरून त्या पायावर. हर्लिन विचारतो, "काय गं, नाचतेयस काय?"

खाली फरशी आहे, मला माहीत आहे. काँक्रीट आहे.

तरी.